फक्त दवाखान्याचं नाव

४ जानेवारी

प्रिय मने,

तुझा पत्ता लिहिला की पोस्टातला माणूस दर वेळी मान वर करून बघतो. आज म्हणाला, "बाई, नुसतं 'टपाल पेटी एकशे बारा'? माणूस पेटीत राहतो का?" मी म्हटलं, "माझी सख्खी धाकटी बहीण राहते. काय करता?" तो हसला. मला काही हसू आलं नाही.

तू त्या बायकांच्या घरात गृहमाता झालीस त्याला सहा वर्षं झाली. मार खाऊन पळून आलेल्या बायकांना लपवायचं, म्हणून घराचा पत्ता कुणाला सांगायचा नाही, आत फोन ठेवायचा नाही, हे सगळं मला कळतं. पण मी काय परकी आहे का गं? तू आजारी पडलीस तर मी कुठे धावत येऊ? पेटीपाशी उभी राहू?

आणि गुप्त गुप्त काय एवढं! मीही सव्वीस वर्षं या मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. माझ्याही भिंतीवर पाटी आहे, 'रुग्णाची माहिती कोणासही देऊ नये.' पण पाटी भिंतीला असते आणि माणूस खिडकीपुढे उभा असतो. समोरचा खरा की खोटा, हे मला चेहरा बघून कळतं. तुझे भावोजी म्हणतात, "मी मास्तर असूनही मला पोरांचं खोटं पकडता आलं नाही, तुला बरं पकडता येतं."

मी तुझ्यासाठी स्वेटर विणलाय. पेटीत मावतो का ते कळव.

तुझी,
ताई


१३ जानेवारी

प्रिय ताई,

स्वेटर मावेल. घडी जरा घट्ट घाल.

रागावू नकोस. परकी नाहीस म्हणूनच सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या घरात काय झालं ते तुला कधी लिहिलं नव्हतं. एका बाईच्या सख्ख्या भावाला पत्ता माहीत होता. भाऊ चांगला होता. बहिणीचा संसार मोडू नये म्हणून त्याने मेहुण्याला पत्ता दिला. "जा, माफी माग, घेऊन ये," म्हणाला. मेहुणा रॉकेलचा डबा घेऊन आला. ती जगली नाही. भाऊ अजून जगतोय, पण त्याला जगणं म्हणावं का, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी ठरवलंय, मायेच्या माणसाला ओझं द्यायचं नाही. तुला माहीतच नसेल तर तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही.

एवढंच सांगते की सध्या आमच्याकडे एक बाई आहे, शर्टांची काजं करते. इतकी बारीक की भिंगाखाली बघावीत. आम्ही तिला काजवालीच म्हणतो. ती बोलत नाही, पाटीवर लिहिते. तिची सहा वर्षांची मुलगी कुठल्याही खोलीत शिरली की आधी दारं मोजते. "या खोलीला दोन आहेत," असं आईला सांगते आणि मगच बसते. परवा मी तिला विचारलं, "कशाला मोजतेस गं?" तर म्हणाली, "एक असलं तर तो तिथेच उभा राहतो ना."

हेही लिहायला नको होतं. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

मनी


२४ जानेवारी

प्रिय मने,

पत्र फाडलं. त्या मुक्या बाईचं वाचून फार वाईट वाटलं. जन्मापासूनच बोलता येत नाही का तिला? आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारू का? नाव नको सांगूस, नुसतं वय सांग.

तू त्या भावाचं लिहिलंस, तर मी तुला उलट बाजूचं सांगते. सगळेच पुरुष काही डबा घेऊन फिरत नाहीत.

या आठवड्यात माझ्या खिडकीशी एक जण आला. लिफ्ट बसवणारा फिटर. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ, रांगेत कुणाला धक्का नाही. त्याची बायको डिसेंबरात जिन्यावरून पडली, जबडा मोडला, आमच्याकडे तारा घालून बांधला. त्या पडण्याने तिचं डोकंच फिरलं म्हणे. पोरीला घेऊन हॉस्पिटलमधूनच निघून गेली. पोरीला दमा आहे. त्याने खिशातून तोंडात मारायचा फवारा काढून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "बाई, मला बायको नको भेटू दे. एवढं फक्त माझ्या पोरीपर्यंत पोचू दे. तिचा श्वास अडकला तर तिला हे कोण देणार?" आणि रडायला लागला. मने, बाप्या माणूस सगळ्या रांगेसमोर ढसाढसा रडत होता.

सोमवारी परत पाठवला. मंगळवारी परत पाठवला. काल पुन्हा आला, फवारा हातात धरून. मग माझ्याने राहवलं नाही. फाइल काढली. वर 'गोपनीय' असा लाल शिक्का होता, पण तो हल्ली पोलीस केसच्या प्रत्येक फाइलवर मारतात. आत पुढच्या उपचाराचा कागद होता. तारा तपासायला दर गुरुवारी कुठल्याशा लहान गावातल्या दवाखान्यात पाठवलंय. पत्ता विचारत होता तिचा. मी स्पष्ट सांगितलं, "पत्ता आमच्याकडे नसतो आणि असता तरी दिला नसता." फक्त दवाखान्याचं नाव आणि वार सांगितला. बस.

त्याने हात जोडले. म्हणाला, "तुमच्यामुळे माझं घर सांधलं जाईल." दिवसभर मला बरं वाटत होतं. तू सहा वर्षं घरं मोडलेल्या बायका सांभाळतेस, मी एक घर सांधलं असं म्हण हवं तर.

स्वेटर वेगळ्या पाकिटात टाकलाय.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हाताने लिहितेय. आज चौथा दिवस या पत्राचा. दुसऱ्या कुणाला सांगून लिहून घेण्यासारखं हे नाही.

तुझं पत्र पेटीतून शनिवारी, १ फेब्रुवारीला निघालं. मला ते इथे, हॉस्पिटलच्या खाटेवर मिळालं. तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

काजवाली मुकी नाही. तिचा जबडा तारांनी बांधलेला होता, म्हणून ती बोलत नव्हती. ती जिन्यावरून पडली नव्हती. तुझ्या फिटरने तिचं डोकं लिफ्टच्या लोखंडी दारात धरून दार लोटलं होतं. दोनदा. मुलगी तिथेच होती. मुलीला दमा नाही, ताई. कधीच नव्हता.

गुरुवारी मीच तिला दवाखान्यात नेलं होतं. तो समोर कुठेतरी उभा असणार. आमच्या मागे घरापर्यंत आला असणार. मला कळलं नाही. सहा वर्षं मी रस्त्यावर मागे वळून बघत चालते, आणि त्याच दिवशी मी मुलीशी बोलत हसत चालले होते.

शुक्रवारी सकाळी अकराला बेल वाजली. स्वयंपाकाच्या मावशींनी जाळीतून पाहिलं. खांद्याला हत्यारांची पिशवी, खिशाला पेन. म्हणाला, "पाण्याच्या मोटरची तक्रार होती." मोटर आठवडाभर घरघरत होती. रस्त्यावर उभं राहिलं की ऐकू यायची. त्याने ऐकली असणार. मावशींनी आतून मला हाक मारली, "अहो, मोटरवाला आलाय एकदाचा!" आणि मी तिथे पोचायच्या आत कडी काढली.

त्याने पिशवीतून मोठा पाना काढला आणि मावशींच्या डोक्यात घातला. काही बोलला नाही, ओरडला नाही. त्या खाली पडल्यावर पुन्हा घातला. तो आवाज मी लिहू शकत नाही.

शिलाईच्या खोलीत काजवाली, तिची मुलगी आणि दोघी जणी होत्या. मी आत पळाले, दार लावलं. कडी आधीच ढिली होती, म्हणून चौकट धरून अंगाने दार दाबून उभी राहिले. तो फटीतून माझ्या हातावर मारत राहिला. तीन वेळा, चार वेळा. मी हात काढला नाही. खरं सांगायचं तर काढता येत नव्हता, बोटं चौकटीला चिकटल्यासारखी झाली होती. मागे मुलगी ओरडत होती, "दोन दारं आहेत, आई, दोन आहेत!" पण मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. सुरक्षेसाठी मीच घातलं होतं.

दार उघडलं तसा तो माझ्यावरून आत गेला. काजवालीने मुलीला मशीनच्या खाली ढकललं आणि स्वतः पुढे उभी राहिली. त्याने तिच्या खांद्यावर मारलं, मग तोंडावर. तारांसकट जबडा पुन्हा मोडला. तो म्हणाला, "चल घरी." आवाज अगदी मऊ होता. तू लिहिलंस तसाच. ती पडली तरी तिने त्याचा पाय सोडला नाही, आणि तिच्या हातातली काजाची कात्री त्याच्या पोटरीत मुठीपर्यंत घुसवली. तो वाकला तेव्हा एकीने गरम इस्त्री त्याच्या मानेवर दाबली. मग तिघी जणी त्याच्या अंगावर बसल्या. शेजाऱ्यांनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत त्या त्याला मारत होत्या. मी थांबवलं नाही. मी बघत होते आणि मला वाटत होतं, अजून.

मावशी तिसऱ्या दिवशी गेल्या. माझी दोन बोटं काढली. काजवाली जिवंत आहे.

संस्थेची चौकशी सुरू झाली आहे. सगळे म्हणतात, दवाखान्याच्या कंपाउंडरने सांगितलं असणार, कारण गुरुवारची यादी त्याच्याकडे असते. तो रडत रडत नाही म्हणतोय. मी अजून काही बोललेले नाही. तुझं पत्र माझ्या उशीखाली आहे.

मनी


१३ फेब्रुवारी

मने,

तुझं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन बसले. तुझ्या भावोजींनी दार वाजवलं तेव्हा म्हटलं, पित्त झालंय.

तुझा हात गं. लहानपणी तो धरून मी तुला शाळेत न्यायचे.

पण मने, शांतपणे विचार कर. मी पत्ता दिला नाही. दवाखान्याचं नाव हा काही पत्ता नव्हे. गावात शंभर माणसं त्या दवाखान्यात जातात. तो तिच्या मागावरच होता, आज ना उद्या त्याला सापडलीच असती. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी ते पाहिलं, ते खोटं मला कसं कळणार? कुणाला कळलं असतं?

कंपाउंडर निर्दोष असेल तर सुटेलच. चौकशी असतेच त्यासाठी. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. हे बाहेर आलं तर मला काढतील, वर खटला भरतील. तुझे भावोजी चार माणसांत मान खाली घालतील. आणि मावशींचे दोन मुलगे आहेत असं पेपरात आलंय. त्यांनी शपथ घेतलीय म्हणे, ज्याने सांगितलं त्याची जीभ उपटू म्हणून. मी खोटं बोलत नाही, मला भीती वाटते.

ते पत्र जाळून टाक. सगळ्यांची गुपितं तू जिवापाड सांभाळतेस. एक तुझ्या बहिणीचं सांभाळ.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

काल दुपारी कंपाउंडरला आमच्या वॉर्डात आणलं. माझ्यापासून चौथी खाट.

मावशींचे मुलगे दवाखान्यात शिरले. मोठा ट्रक चालवतो, धाकटा लाकडाच्या वखारीत कामाला आहे. पेशंटांना बाहेर काढलं आणि आतून दार लावून घेतलं. औषधाच्या कपाटाच्या काचेवर त्याचं तोंड आपटलं. मग दांडक्याने पाठ, पोट, पाय. तो म्हणत होता, "मी नाही सांगितलं, मुलांची शपथ." ते म्हणत होते, "मग कोणी सांगितलं ते सांग." त्याला माहीतच नव्हतं, तो काय सांगणार? त्याची प्लीहा फुटली, ती काढली. एक डोळा राहतो की जातो, अजून सांगत नाहीत.

त्याची बायको खाटेशी बसून असते. आज तिने मला विचारलं, "ताई, तुम्ही तिथल्याच ना? यांनी खरंच सांगितलं असेल का हो?" तिलाही आता खात्री वाटेनाशी झालीय. नवऱ्याचा हात तिने धरला होता, पण सैल.

मी तोंड भिंतीकडे केलं. ताई, माझ्या आयुष्यात मी एवढी लाजले नव्हते.

तू म्हणतेस गुपित सांभाळ. आम्ही गुपित सांभाळतो ते दुबळ्या माणसाला मार बसू नये म्हणून. तुझं गुपित मी सांभाळलं आणि एका माणसाची चामडी सोलली गेली. आणि ते तुझं नव्हतंच. काजवालीचं होतं. तुझ्या कपाटात तिने विश्वासाने ठेवलेलं. ते तू खिडकीतून देऊन टाकलंस, कारण तुला दिवसभर बरं वाटणार होतं.

हे लिहून मला पाणी प्यावं लागलं. मी तुझ्यावर प्रेम करते. पण चौकशी समिती १ मार्चला माझ्याकडे येणार आहे. मला विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही. त्याआधी तू स्वतः बोललीस तर बरं. मुलग्यांची भीती खरी आहे. एकटी कुठे जाऊ नकोस. आधी भावोजींना सांग.

मनी


२ मार्च

प्रिय मने,

तुझ्या हॉस्पिटलमध्ये काल आले होते. तुला शुक्रवारीच हलवलं असं कळलं. कुठे, ते कुणी सांगेना. चांगलं केलं त्यांनी. खाटेवर दुसरी बाई होती.

आधी यांना सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. हे चहा प्यायचे थांबले आणि म्हणाले, "मग आता बसून काय राहिलीस?" तेवढंच. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांपुढे लेखी दिलं. तारीख, वार, फवारा, लाल शिक्का, सगळं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे न बघता किल्ल्या मागितल्या. सव्वीस वर्षं त्या किल्ल्या कमरेला होत्या. जिना उतरताना मी दर पायरीला कमरेला हात लावत होते.

मग पोलिसांकडे जबाब. पोलीस म्हणाले, "मावशींच्या मुलांना आम्ही कळवू. तुम्ही घरी राहा." पण मला वाटलं, दुसऱ्या कुणी सांगितलं तर ते आणखी एखाद्याला धरतील. कंपाउंडरकडे आधी गेले. तो झोपला होता. बायकोला म्हटलं, "तुमच्या नवऱ्याने काहीही सांगितलेलं नाही. मी सांगितलं." तिने मला शिवी दिली नाही. ती एकदम नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागली आणि तो जागा होऊन "काय झालं, काय झालं?" विचारत राहिला.

मग मी मावशींच्या घरी गेले. तू नको म्हणाली होतीस. एकटी गेले नाही, हे माझ्यासोबत होते, पण मी यांना रस्त्यावरच थांबवलं.

दोघे मुलगे जामिनावर सुटून आले होते. मोठा अंगणात ट्रकचं चाक खोलत होता. मी म्हटलं, "तुमच्या आईला मारणाऱ्याला दवाखान्याचं नाव मी सांगितलं. कंपाउंडरने नाही." त्याला आधी कळलंच नाही. म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" मी पुन्हा सांगितलं, हॉस्पिटलचं, रेकॉर्ड रूमचं. तेव्हा त्याने कानफटात मारली. मी पडले. केसाला धरून त्याने मला चाकापर्यंत ओढलं, माझं तोंड त्या लोखंडावर दाबलं आणि दुसऱ्या हाताने जॅकचा दांडा उचलला. धाकटा दारातून ओरडत होता, "मार, दादा, मार तिला!"

मने, मी हात वर केले नाहीत. मोठेपणा नव्हता तो, हात उचलेनातच. दात पडला होता, तोंडात रक्त होतं. मी एवढंच बोलले, "तुम्ही त्या माणसाचा डोळा घालवलात. तो निर्दोष होता. तुम्हाला हे कळायला हवं म्हणून मी आले."

दांडा खाली आला, पण माझ्या डोक्यावर नाही. त्याने तो ट्रकच्या दिव्यावर घातला. मग दुसऱ्या दिव्यावर, मग काचेवर. स्वतःचा ट्रक फोडत होता आणि "आई, आई" असं ओरडत होता. हे धावत आत आले. मोठ्याच्या बायकोने मला उठवलं आणि फाटकाबाहेर नेऊन सोडलं. म्हणाली, "परत येऊ नका. पुढच्या वेळी मी उठवायला येणार नाही."

मी तक्रार दिलेली नाही. हे म्हणाले दे, मी नाही दिली.

चेहरा सुजलाय, लिहिता येतंय. तू आठवण काढतेस का माझी, ते विचारायचा हक्क मला नाही. तरी विचारते.

ताई


२१ जून

प्रिय ताई,

काढते. रोज काढते. रागही रोज येतो. दोन्ही एकाच वेळी येतात, त्याचं काय करायचं मला कळत नाही.

जलदगती कोर्टाचा निकाल तुला कळला असेलच. जन्मठेप. त्याचा वकील पहिल्या दिवसापासून म्हणत होता की अशील बायकोची माफी मागायला गेला, दारात अपमान झाला, रागाच्या भरात हात उठला. हत्यारं? ती तर रोजच्या कामाची पिशवी. हे टिकलं असतं. तुझ्या साक्षीने ते मोडलं. खोटा फवारा आणून तीन दिवस रांगेत उभा राहणारा माणूस रागाच्या भरात नसतो, असं न्यायाधीशांनीच लिहिलंय.

मी पडद्यामागे बसले होते, काजवालीशेजारी. वकील तुला म्हणाला, "म्हणजे या सगळ्याला मूळ कारण तुम्हीच ना?" तू म्हणालीस, "हो. पण पाना त्याने आणला." आणि पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बघितलंस. तो हसत होता. तुझ्या पुढच्या दाताची फट मला तेवढ्या लांबून दिसली. काजवालीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून काळंनिळं आहे.

तुझी नोकरी गेली, ते भावोजींच्या पत्रातून कळलं. कंपाउंडर पुन्हा दवाखान्यात बसायला लागलाय, एका डोळ्याने. मावशींच्या मुलांवरचा खटला चालू आहे.

काजवाली परवा आमच्याकडून गेली. बस सुटायच्या आधी तिची मुलगी धावत येऊन तुझ्यासाठी एक कागद माझ्या हातात ठेवून गेली. सोबत आहे. घडी तिने घातली तशीच आहे, मी उघडलेली नाही.

मनी


(सोबतचा कागद)

बाई,

मला लिहायची सवय आहे. सहा महिने पाटीवरच बोलले. आता तारा निघाल्यात, पण जबडा वाकडा बसला. प आणि ब नीट येत नाहीत. मुलगी मला शिकवते.

तुम्हाला माफ केलं असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका. मावशी मला जेवण गाळून द्यायच्या, चमच्याने, आणि प्रत्येक चमच्याला काहीतरी थाप मारायच्या म्हणजे मला हसू यावं. तारांमुळे हसता यायचं नाही. त्या गेल्या.

कोर्टात तुम्ही सांगितलंत, तो रडला म्हणून तुम्ही फसलात. ते ऐकून मला राग आला, कारण मी ते रडणं ओळखते. मी स्वतः त्याच रडण्यावर तीनदा घरी परत गेले होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा लिफ्टचं दार झालं. मग तुम्हाला एकटीलाच दोष कसा देऊ? तरी देते. मी पणाला लावलं ते माझंच आयुष्य होतं, तुम्ही दुसऱ्याचं लावलंत.

पण तुम्ही त्याच्याकडे बघून बोललात. मी पडद्यामागे होते, तरी मान वर झाली नाही. तुमचं ऐकून झाली. त्याने मला पाहिलं नाही, मी त्याला पाहिलं. केवढासा दिसत होता.

मला काम मिळालंय. मुलीला शाळा मिळालीय. दोघींना नवीन नावं मिळालीत. कुठे, ते मनीताईंना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, फक्त आमची पिशवी बसपर्यंत उचलून दिली, तीन बोटांच्या हाताने, आणि बस कुठली ते दिसू नये म्हणून पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

उत्तर लिहू नका. ते पाठवायला तुमच्याजवळ पत्ता नाही. कुणाजवळच नाही.